जोडावरची तीट

टप्.

एवढासा आवाज, पण घर इतकं गप्प होतं की मी दचकले. गार्गीचे डोळे नुकते मिटत होते. तिला थोपटणारा माझा हात तसाच अधांतरी राहिला. बाहेर गवंडी जेवायला बसले असावेत, त्यांचीही ठोकाठोक थांबली होती.

टप्.

आवाज स्वयंपाकघरातून येत होता. गार्गीला चटईवर अलगद ठेवून मी गेले, तर ओट्यावरच्या दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर थेंब पडलेले. वर पाहिलं. नव्या कोऱ्या पांढऱ्या छतावर हातरुमालाएवढा ओला डाग होता आणि माझ्यादेखत तो पसरत होता.

घर माझ्या ताईचं. गडहिंग्लजच्या बाहेर नवी वसाहत झाली आहे, तिथे तिने आणि दाजींनी हौसेने बांधलेलं. परवावर वास्तुशांत आली होती. दोघं निमंत्रणं द्यायला गेले होते आणि मी पोरीला घेऊन मदतीला आले होते. त्याच सकाळी गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी पहिल्यांदा सोडलं होतं. ताईने नळाखाली हात धरून, "चहा टाक गं यातच," म्हणून माझी चेष्टा केली होती.

मी किरणला, माझ्या नवऱ्याला, फोन लावला. या घराचं नळकाम त्यानेच केलेलं.

"अहो, स्वयंपाकघराच्या छताला पाणी लागलंय."

त्याने हातातलं काम थांबवलं. मग म्हणाला, "कुठल्या बाजूला?"

"ओट्याच्या वर."

"म्हणजे वरच्या बाथरूमखाली. गच्चीवर जा, टाकीचा कॉक बंद कर. आलोच."

पोरगी जेवली का, झोपली का, हे त्या दिवशी त्याने पहिल्यांदाच विचारलं नाही.

गाडीवरून दोघं आले. पुढे किरण, त्याच्या पाठीला सॅक. मागे मामा, मांडीवर आपली जुनी किंतानाची पिशवी दोन्ही हातांनी धरून. मामा म्हणजे माझे सासरे. गावात त्यांना गुंडू मिस्त्री म्हणत. आम्ही लोहार. त्यांच्या वडिलांनी बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवल्या. मामा तरुण असताना गावात नळयोजना आली आणि त्यांनी ऐरण सोडून पाइप हातात घेतले. लोखंडी पाइप शिकंज्यात पकडायचा, तेल सोडत डाय फिरवून त्याला आटे पाडायचे, त्यावर तागाचं सूत गुंडाळायचं, वरून सफेदा फासायचा आणि मग हाताएवढ्या लांब पान्याने आवळायचं. "आवळताना पाइप बोलतो," ते म्हणत. "बास झालं, म्हणतो. ते ऐकू आलं की थांबायचं."

किरणच्या वेळी प्लॅस्टिक आलं. कातरीसारख्या कटरने पाइप कापायचा, ब्रशने चिकटवायचं सोल्युशन लावायचं, एल्बोत, म्हणजे वळणाच्या जोडतुकड्यात, घालून जरा पिळायचा आणि धरून ठेवायचा. झाला जोड. मामा त्याला चिडवत, "भाजी चिरल्यागत काम तुमचं." किरण म्हणे, "भाजी चिरूनच घर चाललंय की, आबा." दोघं हसत. आमच्या लग्नानंतर पहिली काही वर्षं आमच्या अंगणात हा संवाद रोजच होई.

तरी एक जागा अशी होती जिथे दोघांचं काम एकमेकांना भिडायचं. नळ बसवायचा तिथे प्लॅस्टिकलाही आटे असतात. किरण तिथे पांढरा टेप गुंडाळे. मामांचा हात मात्र सुताकडे जाई. सूत पाण्याने फुगतं. लोखंडात ते फुगलं की जोड आणखी घट्ट होतो. प्लॅस्टिकमध्ये फुगलं की ते आतून फोडतं. आमच्याच अंगणातला नळ मामांनी एकदा असा बसवला आणि तो उभा चिरला होता. तेव्हापासून किरण त्यांना दर कामावर बजावायचा, "आबा, सूत घरी ठेवा."

दोघं आत येतात न येतात तोच ताई-दाजींची गाडी फाटकात शिरली. दाजी, म्हणजे प्रतापराव, एका बिल्डरकडे साइटचं काम बघत. छताकडे पाहून त्यांचा चेहराच उतरला.

"काय झालं, किरण?"

"बघतो, प्रतापराव. छोटंच काहीतरी असणार."

"छोटं? परवा आमचे साहेब येणार आहेत जेवायला. तीन इमारतींचं नळकाम माझ्या साडूला द्या म्हणून मी शब्द टाकलाय. काम बघायला म्हणून मुद्दाम याच घरात बोलावलंय त्यांना. पानावर बसून वर बघतील तर काय सांगू?"

"अहो, आल्याआल्या त्यांना पाणी तरी विचारा," ताई म्हणाली.

"पाणी छतानंच पिऊन घेतलंय सगळं!"

कुणी हसलं नाही. किरणच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या तीन इमारतींसाठी तो वर्षभर दाजींच्या मागे होता. आजवर त्याला कुणी दोन मजल्यांच्या वरचं काम दिलं नव्हतं.

"पाइपलाइन सगळी मी स्वतः जोडलीय," तो म्हणाला. मग त्याची नजर मामांकडे गेली. "फक्त वरच्या बाथरूमची नळाची तोंडं... त्या दिवशी मी मधूनच गेलो होतो."

तो दिवस कुठला, ते सगळ्यांना ठाऊक होतं. गार्गी झाली तो. मला तारखेच्या आधीच कळा सुरू झाल्या, शेजारच्या काकूंनी किरणला फोन केला आणि तो हातातलं टाकून तसाच दवाखान्यात आला. त्याच्या बोटांना सोल्युशनचा वास येत होता, म्हणून नर्सने त्याला पुन्हा पुन्हा हात धुवायला लावले आणि मगच पोरगी हातात दिली. तो रडत होता आणि स्वतःच्या हातांचा वास घेऊन बघत होता. इकडे उरलेलं काम मामांनी उरकलं होतं. पुढे फरशा बसल्या, रंग लागला, आणि त्या भिंतीमागे काय आहे हे सगळे विसरून गेले.

"आबा," किरणने विचारलं, "टेपच लावला होता ना?"

मामांनी पिशवी खाली ठेवली. "आधी भित तर उघडू दे. मग वकिली कर."

सरळ "हो" आलं नाही, हे दाजींनीही ऐकलं.

वर गेल्यावर किरणने हातोडी-छन्नी काढली. अख्खी एक ओळ फोडावी लागणार, म्हणाला. फरशीवर निळी फुलं होती, ताईने बेळगावहून निवडून आणलेली. दारात उभ्या ताईने पदर तोंडाशी धरला.

"थांब जरा," मामा म्हणाले. "गच्चीवर जा आणि थोडं पाणी सोड. सगळ्यांनी गप ऱ्हावा."

त्यांनी पिशवीतून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक भिंतीला लावलं आणि मूठ कानाला. डोळे मिटून ते एकेक फरशी चाचपत गेले. किरणला हे पाहायला आवडत नसे, गिऱ्हाइकांसमोर तर नाहीच. पण त्या दिवशी तो मुकाट गच्चीवर गेला. गार्गी खाली रडायला लागली म्हणून ताई गेली. कोपऱ्यात अंधार होता, म्हणून टॉर्च माझ्या हातात आली.

एका फरशीपाशी मामा थांबले. पेन्सिलने फुली मारली आणि वर तोंड करून ओरडले, "बंद कर! आणि टाकी पुरी उतरू दे!"

वरून दाजींचाही आवाज येत होता. ते किरणच्या मागोमाग गच्चीवर गेले होते आणि साहेब, शब्द, इज्जत असं काहीबाही बोलत होते.

मामांनी ती एकच फरशी फोडली. आतलं सिमेंट ओल्या बिस्किटासारखं हाताला आलं. मागे पाइप दिसला, त्याला एल्बो, आणि वीतभर पुढे नळाच्या तोंडाचा आट्यांचा जोड. मामांनी पाइपाला दोन बोटं लावली. तो एल्बोतून हलकेच मागे सरकला. अगदी हलकेच, झोपलेल्या पोराच्या मुठीतून बोट काढून घ्यावं तसा.

मामांनी पाइपाच्या टोकावरून बोट फिरवलं. ते टोक पुसलं आणि टॉर्चच्या उजेडात धरलं. वाकून त्याचा वास घेतला. एल्बोच्या आत बोट घालून तेही नाकाशी नेलं.

"काय झालं, मामा?"

ते उपड्या बादलीवर बसले. मग म्हणाले, "गार्गी दुपारची झाली न्हवं?"

"हो. तुम्हीच की पेढे वाटले."

"फोन कुणी केलेला किरणला?"

"शेजारच्या काकूंनी. का?"

"काय न्हाई." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "जरा प्यायला पाणी आण. माठातलं आण. सावकाश ये, जिना ओला आहे."

मी खाली गेले. ताईच्या खांद्यावरून गार्गीने माझ्याकडे झेप घेतली, तिला जरा उराशी धरलं, परत दिलं. तांब्या भरत होते तेव्हा वरून आवाज आला. कट्! वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा.

परत आले तर मामांच्या हातात मोठा पाना होता आणि कपाळावर घाम. भिंतीतला एल्बो नव्हता. दोन्ही बाजूंचे पाइप करवतीच्या पात्याने कापलेले दिसत होते, नवा तुकडा घालायला जागा केल्यासारखे. आणि नळाच्या तोंडाचा जोड उभा चिरला होता. चिरेतून ओलं, पिंगट सूत बाहेर आलं होतं.

मला वाटलं, हेच ते. हेच शोधत होते इतका वेळ.

मामांनी तांब्या एका दमात रिकामा केला. पिशवीचं तोंड आवळून बांधलं. "बोलव त्याला," म्हणाले.

किरण आला आणि गुडघ्यावर बसला. चिरेतून बाहेर आलेलं सूत त्याने चिमटीत धरून ओढलं. सुरुवातीला त्याचा आवाज अगदी हळू होता.

"सूत? आबा, सूत?"

"हात गेला सवयीनं."

"सवयीनं? अंगणातला नळ फुटला तेव्हा हात जोडून सांगितलं होतं मी तुम्हाला! फुगतंय ते, फोडतंय! आणि आवळलाय किती हा? बैलगाडीची धाव बसवत होता काय?"

मामा फरशीवरच्या निळ्या फुलाकडे बघत होते.

"एक दिवस," किरण म्हणाला. "एक दिवस मी नव्हतो. माझी बायको दवाखान्यात होती. एक दिवस तुमच्यावर सोडलं काम!"

मागे दाजी येऊन उभे राहिले होते. ते वाकले, चीर पाहिली, सूत पाहिलं. आता हेही आग पाखडणार म्हणून मी अंग चोरलं. पण ते सैल झाले. चक्क सैल झाले. किरणच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हणजे तुझं काम नीट आहे. म्हाताऱ्या माणसाचा हात, व्हायचंच असं. रंगाऱ्याला उद्या बोलावतो, परवापर्यंत डाग दिसायचा नाही. पण किरण, इमारतींवर मात्र..."

"आबा येणार नाहीत." दाजींचं वाक्य पुरं व्हायच्या आत किरण बोलला होता. "इमारतीवर नाही आणि यापुढं कुठंच नाही."

"बरं," मामा म्हणाले.

आमटीत मीठ जास्त पडलं तरी जेवण होईपर्यंत हुज्जत घालणारा माणूस. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पण पुढे काहीच आलं नाही. तेवढंच. बरं.

मग किरण नवा तुकडा घालायला बसला आणि मामांनी माझ्या हातातली टॉर्च घेतली. किरण त्यांच्याकडे बघत नव्हता. पण न बघता त्याने हात मागे केला की त्या हातात नेमकं हवं ते पडत होतं. कटर. ब्रश. फडकं. एकदा दोघांची बोटं एकमेकांना लागली, तर किरणने चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला.

काम झाल्यावर तो म्हणाला, "पिशवी द्या माझ्याकडं. नाहीतर कुणी हाक मारली की निघाल."

मामांनी ती किंतानाची पिशवी दिली. त्यातला एक पत्र्याचा गोल डबा तेवढा काढून घेतला, सूत ठेवायचा. "एवढा ऱ्हाऊ दे," म्हणाले.

"आता काय करायचाय तो?"

"पोरीला होईल खेळायला."

संध्याकाळी मी गार्गीचं अंग पुसून तिला पावडर लावत होते. मामा उंबऱ्यावर बसले होते. मी काजळाच्या डबीत बोट घातलं आणि तिच्या गालावर तीट लावली.

"हे रोज लावतीस?"

"रोज. दृष्ट नको लागायला. शिवाय एक खूण असते, मामा. कामाच्या धांदलीत कधी कळत नाही, हिचं सगळं केलं की काही राहिलं. तीट दिसली की समजायचं, झालं सगळं."

ते तिच्या गालाकडे बघत राहिले, इतका वेळ, की मला वाटलं दिवसभराचं सगळं आता बाहेर पडतंय.

"एक करशील?" ते म्हणाले. "किरणला सांग, जोड चिकटवला की त्यावर पेनानं अशीच एक तीट लावायची. चिकटवल्या चिकटवल्या. एक बी जोड सोडायचा न्हाई. पण तुझं म्हणून सांग. माझं ऐकायचा न्हाई आता तो."

मी सांगितलं. किरण हसला. "पाइपला तीट? पाइपला कुणाची दृष्ट लागतीय?" पण मी म्हणाले, माझ्यासाठी करा. थोड्याच दिवसांत त्याच्या खिशात काळा मार्कर दिसायला लागला. वास्तुशांत झाली, साहेब पोटभर जेवले, तीन इमारतींचं काम मिळालं. गडी त्याला "तीटवाले" म्हणून चिडवत. फरशा बसवण्याआधी साहेब भिंती बघायला आले आणि जोडाजोडावर काळा ठिपका पाहून खूश झाले. त्यानंतर किरणला कामाची वाण पडली नाही.

मामा घरी बसले. "मिस्त्री आहेत काय?" म्हणून कुणी दारात आलं की किरण आतूनच सांगे, "आबा काम करत नाहीत आता." पहिल्यांदा लोक मामांकडे बघत. मामा हसून मान हलवत. मग लोक यायचेच बंद झाले. पडवीत बसून ते जुनी डाय काढत, तेल देत, पुसत, परत ठेवत. त्यांचे हात माझ्यादेखत बारीक होत गेले. किरण वाईट वागला असं नाही. त्याने त्यांना चांगली गादी आणली, टीव्ही पडवीत नेऊन दिला. पण दोघांतली ती भाजी चिरायची चेष्टा संपली ती संपलीच.

गार्गी पाऊल टाकायला लागली होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी किरण अंगणात पाइप मांडून बसला होता. कुठल्याशा मोठ्या बाथरूमचा नकाशा जमिनीवर जुळवत होता. गार्गी मधे मधे जात होती, म्हणून मीही तिथेच बसले होते. पडवीत मामा.

"हे चिकटवलं का?" मी सहज विचारलं.

"अजून नाही. आधी सगळं कोरडंच जोडून बघायचं असतं. माप बरोबर आलं की मग एकेक काढून सोल्युशन लावायचं."

"आणि एखादा लावायचा राहिला तर?"

"राहत नाही."

"पण राहिला तर?"

त्याने एक पाइप कोरडाच एल्बोत दाबला आणि माझ्या हातात दिला. "ओढून बघ." मला तो निघेना. "बघ, घट्ट बसतो. पाणी सोडलं तरी थेंब यायचा नाही. महिनोन्‌महिने कळायचं नाही. मग गरम पाणी सोडलं की सुटतो आणि घात करतो." दुसरा चिकटवलेला तुकडा त्याने पुढे केला. जोडाच्या तोंडाशी पिवळसर कड होती. "ही कड दिसली, वास आला, की समजायचं लागलंय. हा आता जन्मात निघायचा नाही. म्हणून तर तीट लावतो तुझी." आणि हसत त्याने मार्करने आधी जोडावर ठिपका दिला आणि मग गार्गीच्या गालावर.

मी हसू शकले नाही. मला ते ओलं टोक दिसत होतं, टॉर्चच्या उजेडात धरलेलं. पांढरं स्वच्छ, कुठेही पिवळी कड नसलेलं. वाकून त्याचा वास घेणारे मामा दिसत होते. तांब्या भरताना ऐकलेला तो कट् आवाज आठवत होता.

मी पडवीकडे पाहिलं. मामा माझ्याकडेच बघत होते. त्यांनी अगदी थोडी मान हलवली. नाही.

किरण कामावर गेल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन बसले.

"तुम्ही टेपच लावला होता त्या दिवशी."

"व्हय."

"आणि तो चिरलेला जोड? ते सूत मी पाणी आणायला गेले तेव्हा भरलंत?"

"हळू बोल."

"मामा, का? त्यांच्या हातून राहिलं होतं ते. फोन आला आणि—"

"फोन आला आणि पळाला. पळायलाच पायजे. जाताना बोलला, आबा, चिकटवायचं सगळं झालंय, फक्त तोंडं लावा. त्याला तसंच वाटलेलं. माणसाच्या डोक्यात त्या वक्ताला काय ऱ्हातंय?" त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "आणि मी तरी कुठं बघितलं? मलाबी नातीचं तोंड बघायची घाई. मग ह्यात माझं काहीच न्हाई असं कसं म्हणतीस?"

"पण सांगायचं होतं ना तसं! रागावले असते दाजी, एवढंच."

"एवढंच न्हाई. म्हातारा चुकला तर लोक हसून सोडतात. तरणा चुकला तर म्हणतात, आणि किती भितीत असंल असलं? प्रतापरावानं त्या इमारती दिल्या असत्या? आणि किरण... तुला त्याचा सभाव म्हायती हाय. दर भितीपुढं हुभा ऱ्हाऊन त्याला तेच आठवलं असतं. त्याचा हातच थरथरला असता. पोरीच्या दर वाढदिवसाला काय आठवायचं त्यानं? जोड?"

"आणि तुमचं काय?"

"माझं लोखंड संपलंच होतं गं. आज न्हाईतर उद्या."

गार्गी धडपडत आली आणि त्यांच्या धोतराला लोंबकळली. तिच्या गालावर मार्करचा ठिपका तसाच होता. त्यांनी तो अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला. निघाला नाही.

"त्याला सांगायचं न्हाई," ते म्हणाले. "कधीच."

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. आणि सांगितलंही नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. शेवटच्या दिवसांत किरणने त्यांचं सगळं केलं, बाळासारखं. आता चार माणसं जमली की तो बापाविषयी भरभरून बोलतो. "कानानं गळती शोधायचा माझा बाप! असा मिस्त्री होणे नाही," म्हणतो. मग डोळे पुसत हसतो. "पण एवढा कारागीर, आणि साडूच्या घरात प्लॅस्टिकला सूत लावलं बघा! माझ्या पोरीच्या जन्माच्या दिवशी!" सगळे हसतात. मी दर वेळी उठून आत जाते. चहा टाकायचा असतो, नसतो.

आता त्याच्याकडे पाइपात सोडायचा कॅमेरा आहे. लांब वायरीच्या टोकाला दिवा आणि डोळा असतो, भिंतीतलं पडद्यावर दिसतं. परवाच्या रविवारी तो पुढच्या सोप्यात बसून तीच वायर पुसत होता. मी दाराशी भाजी निवडत होते. गार्गी पडवीतून मामांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यांच्या गादीखालच्या पेटीत तिला तो सापडला होता. एवढी वर्षं मी त्या डब्याचं झाकण उघडलं नव्हतं. आत सूत असणार, हे मी स्वतःला सांगितलं होतं.

ती माझ्याजवळ फतकल मारून बसली. वरचं सूत तिने काढून बाजूला टाकलं. खालून एल्बो निघाला, दोन्ही तोंडांत पाइपाचे कापलेले तुकडे असलेला. तिने एक तुकडा धरून ओढला. हलला नाही. दुसरा ओढला.

पट्.

"निघाला!" ती ओरडली.

"काय निघालं गं?" किरणने वायर खाली ठेवली आणि हात पुसत उठला.

"जोड! बाबा, तुम्ही म्हणता ना, चिकटवलेला जोड जन्मात निघत नाही? हा बघा, मी काढला!"

तो हसत येत होता. "आबांच्या डब्यात प्लॅस्टिक? बघू."

गार्गीने दोन्ही तुकडे उजेडाकडे धरून फिरवून पाहिले, वाकून वास घेतला, अगदी तिच्या आजोबांसारखा. मग त्याच्या पसरलेल्या हाताकडे लक्ष न देता माझ्याकडे वळली.

"आई, त्या बाजूला ठिपका नाही, पण पिवळी कड तरी आहे. मग ह्या बाजूला काहीच कसं नाही गं?"